नवतप्यातली हरळी

कन्हान आणि कामठी यांच्यामधून वाहणाऱ्या कन्हान नदीच्या पट्ट्यात गोल्फच्या मैदानावरचे गवत दरवर्षी मेच्या उत्तरार्धात पिवळे पडते. हे गवत म्हणजे हरळी. पिवळी पडलेली हरळी बहुतेक वेळा जिवंत असते. पाने वाळतात, पण जमिनीतली काशी टिकून राहते. विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असते. इथल्या एका मैदानाच्या समितीला ते 2013 च्या उन्हाळ्यात ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते, आणि त्याची किंमत तिथल्या मुख्य माळ्याने मोजली. प्रस्तुत लेखक त्या काळात मैदानाच्या देखभालीची नोंदवही ठेवत असे. पुढील विवेचन त्या वहीतल्या नोंदींवर आधारलेले आहे, आणि एका न केलेल्या नोंदीवरही.

हरळी, हराळी आणि दूर्वा ही एकाच वनस्पतीची नावे. गणपतीला वाहतात ती जुडी हीच, आणि कपाशीच्या वावरात निंदणाऱ्या बायांना थकवणारे तणही हेच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिची खोडे दोन प्रकारची असतात. काही जमिनीवरून धावतात आणि पेरापेराला मूळ धरतात. काही जमिनीखालून जातात, पांढरी आणि टणक असतात, त्यांना शेतकरी काशा म्हणतात. वखराच्या पाळीनंतर काशा वेचून बांधावर टाकाव्या लागतात, कारण दोन पेरांचा तुकडा मातीत राहिला तरी पावसात तो फुटतो. ज्या चिवटपणापायी शेतकरी तिला शिव्या घालतो, त्याच चिवटपणावर गोल्फचे मैदान उभे असते.

हे उष्ण प्रदेशाचे गवत आहे. ज्वारी, मका आणि ऊस यांच्याप्रमाणे हरळी हवेतला कर्बवायू पकडताना आधी चार कार्बन अणूंचे संयुग बनवते. त्यामुळे कडक उन्हातही तिचे अन्न तयार करण्याचे काम चालू राहते. 27 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात तिची वाढ सर्वांत जोमाची असते. थंडीत ती मंदावते. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तशा रात्रींनंतर तिचा हिरवा रंगही जातो. या भागातल्या मैदानाला म्हणून दोन पिवळे काळ असतात, एक पौषातल्या थंडीचा आणि दुसरा वैशाख-ज्येष्ठातल्या तहानेचा. थंडीतल्या पिवळेपणाबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही.

गोल्फच्या मैदानावर एकच हरळी तीन उंचींवर ठेवली जाते. चेंडू मारत पुढे न्यायचा लांब पट्टा तो फेअरवे. तिथे ती साधारण 12 ते 20 मिलिमीटर ठेवतात. त्याच्या दोन्ही बाजूंचा रफ 40 ते 50 मिलिमीटर असतो. ज्या तुकड्यात भोक असते आणि चेंडू जमिनीवरून घरंगळत न्यावा लागतो ती ग्रीन. तिथे गवत इतके आखूड कापतात की दुरून ते गालिच्यासारखे दिसते. ग्रीनसाठी संकरित हरळीच्या खास जाती आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे 1956 साली टिफग्रीन आणि 1965 साली टिफड्वार्फ या जाती प्रसारित झाल्या, आणि उष्ण देशांतल्या मैदानांवर त्या पसरल्या. त्यांना बी धरत नाही. खोडाचे तुकडे लावूनच त्यांची लागवड होते. भारतातल्या कित्येक लहान मैदानांना मात्र गवताची ग्रीन पूर्वी परवडतच नसे. तिथे तेल घालून दाबलेल्या वाळूचे तुकडे असत आणि त्यांना ब्राऊन म्हणत. येथे वर्णन केलेले मैदान नऊ भोकांचे होते. त्याच्या ग्रीनवर देशी हरळीतूनच वेचून लावलेली बारीक पानांची हरळी होती, आणि ती वेचण्याचे काम याच माळ्याने अनेक पावसाळे केले होते.

जमिनीचा प्रकार गवताइतकाच महत्त्वाचा ठरतो. विदर्भातली काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात. फेअरवेवर ती चालते. ग्रीनवर तिच्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात, म्हणून ग्रीन वाळूवर उभारतात. अमेरिकन गोल्फ संघटनेने 1960 साली सुचवलेल्या रचनेत सुमारे 10 सेंटिमीटर खडीवर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूमिश्रित थर असतो. कन्हानची वाळू नागपूरच्या बांधकामांवर जाते, तीच धुऊन आणि चाळून ग्रीनलाही वापरता येते; न धुतलेल्या वाळूतला गाळ वर साका धरतो. वाळूवरची ग्रीन पावसाळ्यात उत्तम आणि उन्हाळ्यात नाजूक असते. वाळू पाणी धरत नाही, त्यामुळे मेमध्ये तिला रोज पाणी द्यावे लागते आणि एक दिवसाचा खाडाही तिला सोसत नाही. हे वाक्य पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाण्याचा हिशेब असा. नागपूरकडच्या मे महिन्यात हरळीच्या पानांतून आणि मातीतून मिळून दिवसाला साधारण 7 मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरता येते. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. चारशे चौरस मीटरच्या एका ग्रीनला त्यामुळे रोज 2,800 लिटर पाणी लागते, आणि नऊ ग्रीनना 25,200 लिटर. सहा हेक्टरचे फेअरवे हिरवे ठेवायचे ठरवले तर आकडा रोज 4,20,000 लिटरवर जातो. शहरात दर माणशी दिवसाला 135 लिटरचे प्रमाण धरतात; त्या मापाने हे तीन हजारांहून अधिक माणसांचे पाणी झाले. शहाण्या देखभालीत म्हणून फेअरवे उन्हाळ्यात पिवळे पडू देतात आणि फक्त ग्रीन राखतात.

पाणी कधी द्यायचे याचीही रीत आहे. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी दिलेले पाणी मुळांपर्यंत जाते. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने पाने रात्रभर ओली राहून बुरशी येते. गवताला तहान लागल्याची पहिली खूण म्हणजे निळसर राखाडी छटा, आणि दुसरी म्हणजे पाऊल. तहानलेल्या गवतावरून चालून गेल्यावर पावलाचा ठसा तसाच राहतो, पाने पुन्हा उभी होत नाहीत. मुख्य माळी पहाटे अनवाणी फिरत आणि मागे वळून आपली पावले पाहत. त्याच फेरीत ते फेअरवेवर टिटवीची अंडी शोधत. टिटवी उघड्या जमिनीवर खळग्यात अंडी घालते. प्रत्येक खळग्याभोवती ते चार काड्या रोवून ठेवत, म्हणजे कापणीचे यंत्र तिथून वळसा घेई.

उन्हाळ्यातल्या देखभालीचा दुसरा भाग कापणीचा, आणि सगळी गफलत इथेच होते. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. पाने गवताचे अन्न बनवतात, आणि मुळांना सावलीही देतात. उघड्या पडलेल्या मातीचा पृष्ठभाग मेच्या दुपारी 60 अंशांच्या वर जाऊ शकतो. गवत आखूड केले की मुळेही आखूड होतात, आणि धावती खोडे उघडी पडून भाजतात. म्हणून एप्रिलपासून कापणीची उंची वाढवत नेतात. त्या मैदानाच्या ग्रीनवर माळ्याने ती 8 मिलिमीटरवर नेऊन ठेवली होती.

2013 च्या मेच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी पहाटेची एक स्पर्धा ठरली. समितीतल्या काहींना ग्रीनवर चेंडू धिमा जातो असे वाटत होते. 20 मे रोजी तोंडी आदेश आला की ग्रीन 4 मिलिमीटरवर कापा. माळ्याने हरकत घेतली. पाऊस पडेपर्यंत थांबावे, किंवा निदान आठ दिवसांत थोडे थोडे उतरवावे, असे सांगितले. ते मानले गेले नाही. 21 तारखेच्या पहाटे नऊही ग्रीन 8 वरून 4 वर आल्या. एका कापणीत अर्धे पाते गेले. 22 च्या संध्याकाळी पंपाची मोटर जळाली. 23 मे रोजी नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदले गेले, शहराच्या इतिहासातील उच्चांकी तापमानांपैकी एक. 24 च्या रात्री मोटर बसली. मधले दोन दिवस माळी आणि त्यांच्या हाताखालचे दोघे टाकीतले उरलेले पाणी बादल्यांनी आणि झारीने ग्रीनवर नेत होते. त्यात तीन ग्रीन ओल्या राहिल्या, बाकीच्यांपर्यंत पाणी पोचलेच नाही. 25 मे रोजी सूर्य रोहिणीत आला आणि नवतपा लागला. 26 ला सकाळी ग्रीनचा रंग वाळलेल्या कडब्याचा झाला होता.

स्पर्धा पिवळ्या ग्रीनवर झाली. 3 जून रोजी समितीची बैठक भरली. तिथे एकच प्रश्न होता, गवत कोणी मारले. उत्तर ठरूनच आले होते असे प्रस्तुत लेखकाला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. माळ्याने दोन दिवस पाणी दिले नाही, हे सर्वांनी मान्य केले. मोटरचा उल्लेख एकदा झाला आणि मागे पडला. माळ्याने उंचीचा मुद्दा काढला. तेव्हा नोंदवही मागवण्यात आली. वहीत 21 मेच्या रकान्यात 'ग्रीन, कापणी, नऊ' एवढेच होते. किती मिलिमीटरवर कापले, कोणाच्या सांगण्यावरून कापले, याची नोंद नव्हती, कारण तसा रकानाच नव्हता आणि तोंडी आदेश लिहून ठेवायची रीतही नव्हती. उंचीची नोंद आहे का, असे विचारल्यावर प्रस्तुत लेखकाने 'नोंद नाही' असे सांगितले. ते खरे होते. समितीने त्याचा अर्थ 'तसे घडले नाही' असा घेतला, आणि तो अर्थ चुकीचा आहे हे सांगायला प्रस्तुत लेखक उठला नाही.

माळ्याने खिशातून कागदात गुंडाळलेली एक गोष्ट काढून टेबलावर ठेवली. तिसऱ्या ग्रीनवरून खुरप्याने काढलेले ते मूठभर ढेकूळ होते. वरची पाने करडी आणि चुरा होणारी होती. त्यांनी ढेकूळ फोडले, आतली काशी नखाने सोलली आणि म्हणाले, "मुळी जित्ती हाय, साहेब. पाणी लागलं का उठते." काशी आतून पांढरी आणि ओलसर होती. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या कोणीही वाकून पाहिले नाही. माती टेबलावर सांडली, ती शिपायाने पुसली. माळी रोजंदारीवर होते. दुसऱ्या दिवसापासून येऊ नये एवढे सांगितले की पुरे होते. तसे सांगण्यात आले.

माळ्याने टेबलावर केलेली परीक्षा शास्त्राच्या दृष्टीने अचूक होती, म्हणून ती इथे नीट सांगणे आवश्यक आहे. ताण पडला की हरळी वरची पाने सोडून देते आणि काशांमध्ये साठवलेल्या अन्नावर तग धरते. ही सुप्तावस्था. तिच्यात ती काही आठवडे राहू शकते. जिवंत आहे की मेली हे रंगावरून कळत नाही. तीन-चार ठिकाणची ढेकळे काढून काशी सोलून पाहावी. पांढरी, टणक आणि वाकवल्यावर लवणारी असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ आणि काडीसारखी कडकन मोडणारी असेल तर मेलेली. शंका राहिली तर ढेकूळ कुंडीत लावून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी घालावे. जिवंत काशीला सात ते दहा दिवसांत कोंब दिसतो. या काळात युरिया देऊ नये. तापलेल्या जमिनीवरचा युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि उरलेला थकलेल्या गवताकडून नसती पाने काढवून घेतो. जिवंत काशी असलेली जमीन खणू तर मुळीच नये.

समितीने दोन ग्रीन खणल्या. सर्वांत करड्या दिसणाऱ्या तिसऱ्या आणि सातव्या ग्रीनवरचे गवत 5 जूनला खरवडून काढण्यात आले, आणि तिथे बाहेरून आणलेले संकरित हरळीचे तयार लॉन अंथरले गेले. बाकी सात ग्रीनसाठी पैसे उरले नाहीत, म्हणून त्या तशाच सोडल्या.

त्या वर्षी मोसमी पाऊस लवकर आला. विदर्भात तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतरला आणि 16 जूनपर्यंत सगळा देश त्याने व्यापला. माळी गेल्याला दहा दिवसही झाले नव्हते. हरळीचे पुनरुज्जीवन ठरावीक क्रमाने होते. पहिल्या चांगल्या पावसानंतर चार-पाच दिवसांत काशांच्या पेरांतून टोकदार कोंब वर येतात. दहाव्या दिवसापर्यंत ते पाने उघडतात. त्यानंतर जमिनीवरची खोडे धावू लागतात आणि मोकळ्या जागा बुजवतात. नत्राचा पहिला हप्ता याच वेळी, थोडा थोडा विभागून द्यायचा असतो. कापणी उंच ठेवून सुरू करतात आणि एक तृतीयांशाचा नियम पाळत महिनाभरात खाली आणतात. सोडून दिलेल्या सात ग्रीनवर नेमके हेच झाले. 27 जूनच्या नोंदीत त्यांचा तीन चतुर्थांश भाग हिरवा असल्याचे लिहिले आहे, आणि जुलैच्या मध्यावर त्या खेळण्याजोग्या झाल्या. त्यांना कोणी काहीही केले नव्हते.

तिसरी आणि सातवी ग्रीन मात्र जुलैमध्ये सडल्या. विकत आणलेले लॉन बहुधा लाल चिकण मातीत वाढवलेले असते आणि ती माती त्याच्या बुडाला चिकटून येते. वाळूवर ते अंथरले की त्या मातीचा बोटभर जाडीचा एक थर मध्ये बसतो. पाणी त्या थरात अडकते, खालच्या वाळूत उतरत नाही. मुळेही थराच्या खाली जात नाहीत. त्या जुलैत विदर्भात पाऊस जोराचा झाला, आणि या दोन ग्रीनवर पाय ठेवला की पाणी वर येई. लॉनच्या पट्ट्या हाताने उचलता येत होत्या. वाळूवरच्या ग्रीनवर लॉन घालायचेच असेल तर वाळूत वाढवलेले घ्यावे किंवा माती धुऊन घ्यावे, आणि त्याहून उत्तम म्हणजे त्याच मैदानावरच्या रोपवाटिकेतील खोडांचे तुकडे पेरावेत. शेवटी तेच करावे लागले. ऑगस्टमध्ये दोन्ही ग्रीन पुन्हा खरवडून शेजारच्या ग्रीनच्या कडेची, म्हणजे माळ्याने वेचून लावलेलीच हरळी तिथे लावण्यात आली.

पावसाळ्यात मैदानाची कामे बदलतात. नागरमोथा आणि गाजरगवत हरळीच्या आधी उठतात. मोथ्याची गाठ जमिनीत राहू न देता खुरपावे लागते, आणि गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे लागते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडून मारले तर पुढे अळ्यांचा त्रास कमी होतो. नाही तर ऑगस्टमध्ये त्या मुळे खातात आणि गवत चटईसारखे सुटून येते. जुलै-ऑगस्टमध्ये पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीनला भोके पाडून त्यांत वाळू भरतात, म्हणजे दबलेल्या जमिनीला हवा मिळते. हे काम उन्हाळ्यात केले तर जखमा भरून निघत नाहीत.

माळ्याला परत बोलवावे असे प्रस्तुत लेखकाने जुलैमध्ये सुचवले. गवत पावसाने आले, यात कोणाचे काही सिद्ध होत नाही, असे उत्तर मिळाले. बराच काळ प्रस्तुत लेखकाला असेही वाटत राहिले की माळ्याने 20 मेलाच लेखी आदेश मागायला हवा होता. हे वाटणे सोयीचे होते. रोजंदारीवरचा माणूस लेखी आदेश मागू लागला तर त्याला तेव्हाच घरी पाठवले गेले असते, आणि लिहिण्याचे काम ज्याचे होते त्याच्या हातात लेखणी होतीच. मैदानाच्या नोंदवहीत तारीख, काम आणि मजूर यांच्याबरोबर कापणीची उंची, पाण्याचे तास, पंप बंद राहिल्याची वेळ आणि आदेश देणाऱ्याचे नाव असे रकाने असलेच पाहिजेत. पुढच्या वर्षी ते आखले गेले. ज्याच्यासाठी ते आखायला हवे होते तो माणूस तोवर कन्हानच्या पलीकडे दुसऱ्याच्या संत्राबागेत कामाला लागला होता.

पाण्याबद्दल मात्र प्रस्तुत लेखकाचे मत एका जागी राहिलेले नाही. 2013 मध्ये जळालेली मोटर आणि कोरड्या ग्रीन पाहून रोज लागेल तेवढे पाणी हा मैदानाचा हक्क आहे असे त्याला वाटे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता असे त्याला मनापासून वाटले. पिण्याचे पाणी खेळाच्या गवताला देऊ नये, हे तो तेव्हा समितीपुढे बोललाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत सातव्या ग्रीनवर पाऊल टाकताना ठसा तसाच राहिलेला दिसला, आणि त्याने रात्री एक टँकर मागवला. काशी मरणार नाही हे त्याला ठाऊक होते. तरी मागवला. नागपूर महापालिकेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. गोल्फच्या मैदानांनीही त्याच वाटेने जावे, म्हणजे असे रात्रीचे टँकर लागणार नाहीत. तोवर मेमध्ये फेअरवे पिवळे राहू द्यावेत आणि ग्रीनला पहाटे मोजून पाणी द्यावे, हा मधला मार्ग आहे.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरतो, हवा कोरडी होते आणि मैदान वर्षातल्या सर्वांत चांगल्या स्थितीत येते. ऑक्टोबर ते नोव्हेंबर हा खेळाचा खरा हंगाम. याच काळात पालाशयुक्त खत देऊन गवताला थंडीसाठी तयार करतात. 2013 च्या 19 ऑक्टोबरच्या नोंदीत तिसरी ग्रीन पूर्ण भरल्याचे लिहिले आहे, आणि 2 नोव्हेंबरच्या नोंदीत सातवी. त्या नोंदींसमोर पहिल्यांदाच कापणीची उंची लिहिलेली आहे: 6 मिलिमीटर.